हवा फुकट असते, असं कुणी सांगितलं?



आरक्षण, शिष्यवृत्ती, अ‍ॅट्रॉसिटीचे खटले सोडून हा गडी या वेळी घराच्या खिडक्यांवर का लिहितोय, असं काहींना वाटेल. वाटू द्या. शेवटपर्यंत वाचा आणि मग भांडा.

कोराडीच्या बाजूला एका लेआउटमध्ये आमचं घर उभं राहतंय. तीस बाय चाळीसचा प्लॉट, वीस वर्षांचं कर्ज, आणि घरात माय, आम्ही दोघं, मुलगी. घर कमी विजेत थंड राहिलं पाहिजे हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं. नागपुरात २०१३च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता, त्यामुळे याला कुणी चैन म्हणणार नाही. भिंती एएसी ब्लॉकच्या, गच्चीवर उष्णता अडवणारा थर आणि त्यावर पांढरं चायना मोझॅक, खिडक्यांना दुहेरी काच आणि फटी बंद करणारी रबराची पट्टी. नकाशा आपल्याच समाजातल्या एका तरुण आर्किटेक्ट मुलीने केला. मला काका म्हणते आणि काकाचं अजिबात ऐकत नाही.

तिनेच प्रश्न टाकला. "काका, तुम्ही फटी तर बुजवल्या. आता एसी लावून दार बंद केलं की आत नवी हवा कुठून येणार?"

मी म्हटलं, एसीतून.

"एसी बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा ओढतो, थंड करतो आणि परत सोडतो."

ही गोष्ट मी नंतर पंचवीसेक शिकलेल्या माणसांना विचारली. त्यात दोन इंजिनिअर होते. बहुतेकांना वाटतं की भिंतीबाहेरचा तो मोठा डबा बाहेरची हवा आत पाठवतो. तो डबा फक्त आतली उष्णता बाहेर फेकतो. आपल्या घराघरात जो स्प्लिट एसी असतो त्यातून ताज्या हवेचा एक कणही आत येत नाही. जुन्या घरात हे खपून जातं, कारण दाराखालची फट, खिडकीच्या सैल चौकटी, छताजवळची भोकं यांतून हवा झिरपत असते. आम्ही तर ती गळती पैसे देऊन बंद केली होती.

तिने सुचवलेला उपाय म्हणजे मेकॅनिकल व्हेंटिलेशन. छताखाली एक पेटी, तिच्यात दोन पंखे. एक आतली वापरलेली हवा बाहेर काढतो, दुसरा बाहेरची हवा फिल्टरमधून आत घेतो. दोन्ही हवा पेटीतल्या पातळ पडद्यांच्या थप्पीतून एकमेकींच्या शेजारून जातात, पण मिसळत नाहीत. जाणारी थंड हवा येणाऱ्या गरम हवेची झळ काढून घेते. याला ईआरव्ही म्हणतात. पेटी, डक्ट आणि बसवणी मिळून आम्हाला भाव आला १ लाख ८० हजार. वर्षाचे फिल्टर वेगळे.

मायला सांगितलं तर ती म्हणाली, "हवा इकत घ्याची का आता बाबू? खिडकी उघड ना."

आणि चळवळीतला एक जुना सोबती फोनवर म्हणाला, "बाबासाहेबांनी धम्मासाठी विसावा हिस्सा मागितला होता. तू तो हवेच्या डब्यात घालणार?"

दोघांनाही उत्तर द्यायचं होतं. त्यासाठी मी आधी एक मीटर विकत घेतला.

हा मीटर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतो. बाहेरच्या मोकळ्या हवेत तो दर दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग असतो. आपण सोडलेल्या श्वासात तोच ४० हजारांच्या आसपास असतो. म्हणजे खोलीतला आकडा जितका वर, तितकी त्या खोलीत कुणाच्या तरी छातीतून आधीच फिरून आलेली हवा जास्त. हा वायू दोन-तीन हजारांवर विषारी नसतो. डोकं जड होतं, झोप नीट होत नाही, एवढंच. पण दुसऱ्याचा श्वास आपण किती घेतोय ते मोजायला तो फार चांगला. भाड्याच्या घरात माय आणि मुलगी एसी लावून झोपतात त्या खोलीत मी मीटर ठेवला. रात्री दहाला ६०० होता, पहाटे पाचला २ हजार. हिशेब केला तर पहाटेचा दर पंचविसावा श्वास वापरलेला. आणि ही झाली जुनी, गळकी खोली. नव्या घरात गळती निम्मी झाली तरी आकडा तीन हजारांच्या घरात जाईल.

आता माझ्या मायचं थोडं सांगायला हवं, कारण सगळा प्रश्न तिच्या छातीचा आहे. तिने कामठीत तीस वर्षं विड्या वळल्या. दार लोटलेल्या खोलीत चार-पाच बाया, मांडीवर सूप, सुपात तंबाखू. पंखा लावायचा नाही, कारण तंबाखूची भुकटी उडते. संध्याकाळी चूल. आयुष्यात तिने विडी ओढली नाही, पण डॉक्टरांनी तिच्या कागदावर सीओपीडी लिहिलंय, जो आजार लोक विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा समजतात. चुलीच्या धुराने तो बायांना होतो, भरपूर होतो.

कामठीचं नाव निघालं की तुम्हाला 'जय भीम' हा अभिवादनाचा शब्द रुजवणारे बाबू हरदास एल. एन. आठवतील. आठवायलाच हवेत. त्यांनी विडी कामगारांना संघटित केलं हेही तुम्हाला माहीत असेल. ते गेले १२ जानेवारी १९३९ला, वयाच्या पस्तिशीत, क्षयाने. आपण त्यांची जयंती-पुण्यतिथी करतो, त्यांच्या आजारावर मात्र कुणी बोलत नाही. क्षय हवेतून पसरतो. कोंदट खोलीत जास्त पसरतो. कोंदट खोली कुणाच्या वाट्याला येते, हे काही नशिबाने ठरत नाही.

म्हणून मला त्या 'पारंपरिक घर' वाल्यांचा राग येतो. घर बांधायला काढलं की असे लोक भेटतातच. म्हणतात, यंत्रं कशाला हवीत, आपल्या पूर्वजांच्या वाड्यात चौक होता, झरोके होते, कशी गार हवा खेळायची. कुणाच्या पूर्वजांच्या? माझ्या आज्याच्या घराला एक दार होतं आणि खिडकी नव्हती. धूर कौलांतून जायचा, जमेल तेवढा. आणि गावाला वाऱ्याची अक्कल नव्हती असंही नाही. महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत महारवाडा गावाच्या पूर्वेला असायचा, कारण वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो. आमच्या अंगावरून गेलेला वारा गावावर जाऊ नये एवढी काळजी घेतलेली होती. हवेचं नियोजन करणारा हा समाज आता आम्हाला सांगतो की हवा निसर्गाची देणगी आहे, तिला यंत्र कशाला!

हवा फुकट नसते. तिला जागा लागते, आणि जागेला पैसा लागतो. मुंबईचं उदाहरण बघा. १८९६च्या प्लेगनंतर १८९८ला बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. गोऱ्या सरकारला गरिबांचा कळवळा आला असं समजू नका, प्लेग बंदराचा व्यापार बुडवत होता. पण त्या ट्रस्टने एक चांगला नियम आणला, साडेत्रेसष्ट अंशांचा. खोलीच्या पायथ्यापासून त्या कोनात वर रेघ ओढली तर ती समोरच्या इमारतीला अडता कामा नये. सोप्या भाषेत, समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मं तरी अंतर दोघींत मोकळं सोडायचं. बाबासाहेबांनी आयुष्याची कितीतरी वर्षं परळच्या ज्या बीआयटी चाळीत काढली, ती याच ट्रस्टची चाळ. खोल्या लहान, माणसं जास्त, हे खरंच. पण हवेचा विचार नियमात तरी होता.

आता शंभर वर्षं पुढे या. गोवंडी-मानखुर्द भागातल्या नटवर पारेख आणि लल्लुभाई कंपाउंडमध्ये पुनर्वसनाच्या सात-आठ मजली इमारती आहेत. काही इमारतींमधलं अंतर जेमतेम तीन मीटर. प्लेगच्या काळातला नियम लावला असता तर दहा मीटर सोडावं लागलं असतं. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने तिथे पाहणी केली, तेव्हा जिथे उजेड आणि वारा कमी तिथे क्षयरोगी जास्त सापडले, खालच्या मजल्यांवर तर विशेष. त्या खोल्यांना खिडक्या आहेत. पण खिडकीसमोर भिंत असेल तर ती खिडकी उघडून आत काय येणार? 'खिडकी उघड ना' हा सल्ला द्यायलासुद्धा समोर मोकळी जागा लागते.

एवढं लिहिल्यावर तुम्हाला वाटेल की मी यंत्र घेतलं. थांबा. इथे दुसरी बाजूही तितकीच खणखणीत आहे.

२००७ साली पेरू देशातल्या लिमा शहरातल्या आठ रुग्णालयांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रश्न हाच होता, क्षय पसरू नये म्हणून खोलीतली हवा कशी बदलायची. दारं-खिडक्या उघडल्यावर तासाला साधारण २८ वेळा खोलीतली हवा बदलत होती. महागडी यंत्रं बसवलेल्या आधुनिक खोल्यांत १२ वेळा. सगळ्यात भारी ठरले जुने, उंच छताचे, मोठ्या खिडक्यांचे वॉर्ड. म्हणजे जागा असेल आणि बाहेरची हवा बरी असेल तर खिडकीला तोड नाही. माय अगदीच चुकीचं बोलत नव्हती.

आणि आपल्या विदर्भात तर मेकॅनिकल व्हेंटिलेशन घराघरात आहेच. कूलर! कूलर बाहेरची हवा ओढतो, ओल्या वाळ्यातून नाहीतर गवतातून घेतो आणि तासाला दोन-तीन हजार घनमीटर हवा खोलीत ढकलतो. म्हणून तर समोरची खिडकी उघडी ठेवावी लागते, नाहीतर कूलर फुसफुसतो आणि नुसता दमटपणा साचतो. कूलरच्या खोलीत मीटर ४५०च्या वर सरकत नाही. नागपूरच्या गरिबाचा कूलर हवेच्या बाबतीत श्रीमंताच्या एसीपेक्षा कितीतरी सरस आहे, हे मी मीटर हातात धरून सांगतो. अडचण अशी की मृगाचा पाऊस पडला की कूलर निकामी. आणि कूलरला धूळ गाळता येत नाही. आमच्या लेआउटपासून कोराडीची धुराडी दिसतात. तिथे ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत, पलीकडे खापरखेडा १३४० मेगावॅटचं. गच्चीवर चादर वाळत घातली की संध्याकाळी झटकताना हात करडे होतात. डिसेंबरच्या सकाळी तर धूर जमिनीलगत बसतो, त्यात कुणीतरी कचरा पेटवलेला असतोच. अडीच मायक्रॉनहून बारीक धुळीची आपली सरकारी मर्यादा दिवसाला ६० आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५. माझ्या साध्या मीटरवर एका सकाळी १३० होते. ही हवा खिडकीतून थेट मायच्या छातीत घालायची का?

तर मग ईआरव्ही? इथे मी आणि ती मुलगी एक अख्खा रविवार कागद घेऊन बसलो. चळवळीत आपण भावनेवर फार जातो, आकड्यांवर कमी, म्हणून हा हिशेब सविस्तर देतो.

ही यंत्रं घडली थंड देशांत. जर्मनीतल्या डार्मस्टाट शहरात १९९१च्या सुमारास पहिलं पॅसिव्ह हाउस उभं राहिलं, त्यात अशीच उष्णता वाचवणारी यंत्रणा होती. तिथे थंडीत आत २० अंश आणि बाहेर उणे १० असू शकतं. फरक तीस अंशांचा. एवढ्या फरकात खिडकी उघडणं म्हणजे पैसे बाहेर फेकणं, म्हणून तिथे यंत्र शहाणपणाचं. आमच्याकडे एसी मुख्यतः रात्री चालतो. आत २६, बाहेर मे महिन्यातल्या मध्यरात्री ३२. फरक सहा अंश. सगळ्या घरासाठी तासाला १५० घनमीटर हवा घेतली तर ती थंड करायला एसीला साधारण ८५ वॅट वीज जास्त लागते. पेटी त्यातला फार तर सत्तर टक्के भार वाचवणार, म्हणजे ६० वॅट. आणि पेटीचे दोन पंखे खाणार ८० वॅट. रात्री तरी ही पेटी जेवढं वाचवते त्यापेक्षा जास्त खाते! दुपारी, बाहेर ४५ असताना, ती कामाची आहे. तेव्हा शंभरेक वॅट निव्वळ वाचतात. पावसाळ्यात दमटपणा अडवते, तोही फायदा. पण दुपारी घरात माय एकटी असते आणि ती एकाच खोलीत असते. त्या शंभर वॅटसाठी १ लाख ८० हजार घालायचे तर मुलीच्या लग्नाच्या वयापर्यंत पैसे वसूल होत नाहीत. (मुलगी म्हणाली, लग्नाचं उदाहरण देऊ नका, पीएचडीचं द्या. बरं, पीएचडीपर्यंत.)

म्हणजे सगळ्या घराचा डबा नको. पण मायच्या खोलीला गाळलेली ताजी हवा हवीच. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे कळायला तो रविवार लागला.

शेवटी ठरलं ते असं. मायच्या खोलीच्या पूर्वेकडच्या भिंतीत, कोराडीकडे पाठ करून, सहा इंची भोक. त्यात एक लहान पंखा आणि चांगल्या प्रतीचा फिल्टर. तासाला ६० घनमीटर हवा आत ढकलायची, बास. दोन माणसं झोपली तरी मीटर ८५०च्या आसपास थांबायला हवा. वीज वीस-तीस वॅट. खोलीत हवा आत ढकलली जाते म्हणून दाराखाली पाऊण इंच फट मुद्दाम सोडली, वापरलेली हवा तिथून हॉलमध्ये आणि पुढे संडास-बाथरूमच्या एक्झॉस्टमधून बाहेर. स्वयंपाकघरात चिमणीचं तोंड थेट बाहेर काढलं. हवा गाळून पुन्हा खोलीतच सोडणारी चिमणी घेतली नाही, मिरचीच्या फोडणीचा ठसका मायला कोपऱ्यातूनही लागतो. सगळा खर्च तीस हजारांच्या आत बसला.

आणि खिडक्या. केंद्र सरकारने २०१८च्या डिसेंबरात 'इको निवास संहिता' आणली, घरांच्या ऊर्जाबचतीसाठी. तिच्यात नागपूरसारख्या हवामानासाठी चटईक्षेत्राच्या किमान साडेबारा टक्के भाग उघडता येणारा असावा असं म्हटलंय. यातला 'उघडता येणारा' हा शब्द महत्त्वाचा. बिल्डर सर्रास सरकत्या काचांच्या खिडक्या लावतात, आणि सरकत्या खिडकीची निम्मीच जागा उघडते. आम्ही झडपांच्या लावल्या, समोरासमोर, वर एकेक झरोका. सगळ्यांना डासांची जाळी. जाळीने वारा बराच अडतो, पण डेंग्यू परवडत नाही. पावसाळ्यात आणि फेब्रुवारी-मार्चच्या संध्याकाळी घर या खिडक्यांवरच चालणार. पुढे कधी हवा आणखी बिघडली तर मोठी पेटी बसवता यावी म्हणून बीममध्ये दोन पाइप टाकून टोपणं लावून ठेवली आहेत. स्लॅब पडल्यावर बीम फोडायला कुणी हात लावत नाही, तेव्हा बांधकाम चालू असेल तर तुम्हीही हे करून घ्या. पाइपला पाचशे रुपये लागतात.

सोबत्याच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. तो मीटर मी आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत घेऊन गेलो होतो. स्पर्धा परीक्षांची चाळीस पोरं-पोरी, वर्गणी काढून लावलेले दोन एसी, थंडावा जाऊ नये म्हणून खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवलेली. मीटरने ३ हजार ६०० दाखवले. तिथे दर बारावा-तेरावा श्वास दुसऱ्याचा. चाळिसातल्या एकाला जरी क्षय असेल आणि त्याला तो माहीत नसेल, तर बाकीच्यांचं काय? "सर, दुपारनंतर झोप येते," असं पोरं म्हणायची, आणि आपण त्यांना ध्येयवादावर व्याख्यान द्यायचो. वर्तमानपत्रं काढून खिडक्या उघडल्या, पाऊण तासात मीटर हजारावर आला.

डब्याचे वाचलेले सगळे पैसे काही अभ्यासिकेला गेले नाहीत, कर्जाचे हप्ते आहेत. पण अठरा इंची दोन एक्झॉस्ट पंखे तिथे बसले आहेत आणि समोरच्या खिडक्या तासाला दहा मिनिटं उघडायचा नियम पोरांनीच फळ्यावर लिहिलाय. पंख्यांच्या आवाजाची तक्रार आहे. रेग्युलेटर लावून वेग कमी करायचं चाललंय. मीटर सध्या तिथेच आहे. ज्यांना आपल्या वसतिगृहात, विहारात, अभ्यासिकेत मोजायचं असेल त्यांनी दोन दिवसांसाठी घेऊन जावा, सेल आपले टाकावेत, आणि आकडा मला जरूर कळवावा.